मदत हवी आहे : जुन्या यामाहा गिटारची दुरुस्ती आणि पावसाळ्यातील जतन

माझ्या मामांनी अनेक वर्षे वाजवलेली, आत ‘निप्पॉन गाक्की’चे (यामाहा कंपनीचे जुने नाव) लाल लेबल असलेली यामाहा एफजी-१८० गिटार आता माझ्याकडे रत्नागिरीत आहे. तिचा आवाज आजही भरदार आहे, मात्र बाराव्या फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर) तारा सुमारे ५ मिमी उंच आहेत, सॅडल (तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) घासून जवळजवळ ब्रिजला (वरच्या फळीवर चिकटवलेल्या, तारा अडकवायच्या लाकडी तुकड्याला) टेकले आहे आणि ब्रिजच्या मागच्या कडेखाली पोस्टकार्ड सहज सरकते.

बारीक गेजच्या स्टीलच्या तारांचाही एकूण ताण ७० किलोच्या आसपास असतो, म्हणून सध्या त्या सैल करून ठेवल्या आहेत. एका सुताराने ब्रिज स्क्रूने आवळून सगळ्या गिटारला नवे पॉलिश करण्याचा सल्ला दिला. तो मला अजिबात पटलेला नाही, कारण मामांच्या बोटांनी फ्रेटबोर्डवर पाडलेले खळगे आणि वरच्या फळीवरचे ओरखडे मला जसेच्या तसे ठेवायचे आहेत.

ब्रिज काढून पुन्हा चिकटवल्याने भागेल, की मानेचा सांधा वाफेने सोडवून कोन बदलावाच लागेल, हे कोणत्या मोजमापांवरून ठरवावे? मुंबई, पुणे किंवा गोव्यात असे काम करणारा जाणकार कारागीर माहीत असल्यास कृपया सुचवावा. तसेच लाकडाला मानवणारी ४५ ते ५५ टक्के आर्द्रता कोकणातल्या पावसाळ्यात बंद केसमध्ये कशी टिकवावी? सिलिका जेल फार लवकर ओले होते.