म्हसरूळ टेक म्हणतात, पण टेकडी कुठाय?

नवा_भाडेकरू
जुन्या नाशकात म्हसरूळ टेकावर खोली घेतलीय. कुरिअरवाला अर्धाच पत्ता वाचून नदीपलीकडच्या म्हसरूळला, दिंडोरी रोडला जातो, ते असो. पण इथे घराला घर चिकटलेलं, टेकडी औषधालाही दिसत नाही. मग ‘टेक’ कशावरून?

नळवाला_मामा
दादा, मी नळजोडणीची कामं करतो. इथल्या गल्लीच्या खालच्या तोंडाला पाणी बिनमोटरीचं वर चढतं, तीच गल्ली चढून गेलात की तळमजल्यालाही बारीक धार. वाड्यांचे ओटे बघा, एका टोकाला एक पायरी, दुसऱ्या टोकाला चार. उतार तिथे दिसतो. ‘नाशिक नव टेकांवर वसविले’ असं जुने लोक म्हणतात. जुनी गढी, नवी गढी, कोकणी टेक, पठाणपुरा, डिंगर आळी, महालक्ष्मी, गणपती, चित्रघंटा, तुमचं म्हसरूळ... मोजणारा बदलला की यादी बदलते.

सराफातला
टेक कळायला खोलगट भाग बघा. आमच्या सराफ बाजाराखालून सरस्वती नाला गोदेला जातो, आता तो झाकलेला. २०१६ च्या ऑगस्टात पूर आला, नदीपात्रातली दुतोंड्या मारुतीची मूर्ती बुडाली तेव्हा आम्ही दुकानातला माल डोक्यावर काढत होतो. टेकावरचे लोक छत्री घेऊन पूर बघायला आले होते!

गोदाकाठ
सगळी टेकं नुसती निसर्गाची नाहीत. जुन्या गढीत १९५०-५१ मध्ये डेक्कन कॉलेजच्या सांकलिया आणि देव यांनी उत्खनन केलं, तर खाली ताम्रपाषाण काळापासूनच्या वस्त्यांचे थर. घरं पडली, त्यावर घरं उठली, गढी वाढत गेली. मातीच ती, पावसाळ्यात नदीकडची कड ढासळते आणि काठावरच्या लोकांचा जीव टांगणीला लागतो.

पंचवटीकर
टेकं म्हणजे नव शिखा, नऊ शिखरं, त्यावरून नाशिक हे नाव वगैरे सोडा. शूर्पणखेचं नाक इथे कापलं, म्हणून नाशिक.

नळवाला_मामा
दोन्ही ऐकतच मोठे झालो. पण माझं पाणी अडतं ते नाकामुळे नाही.

नवा_भाडेकरू
ओटे पाहिले. आमच्याकडे रस्त्याच्या बाजूला चार पायऱ्या, मागच्या दाराला एकही नाही! मामा, मग मोटर लावावी का?

नळवाला_मामा
नळाला थेट लावू नका, शेजारी भांडायला येतील. खाली टाकी करा, तिच्यातून चढवा. अर्धा एचपी पुरे.