प्रतिसाद: मोबदल्याची रक्कम, पतसंस्था आणि ज्येष्ठ नागरिक बचत योजना

जमिनीच्या मोबदल्याची संपूर्ण रक्कम तालुक्याच्या पतसंस्थेत ठेवावी, कारण तेथे टक्का-दीड टक्का व्याज अधिक मिळते, या येथील चर्चेत आलेल्या सूचनेशी मी सहमत नाही. बँकेतील ठेवीला मुद्दल आणि व्याज मिळून ५ लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण असते. पतसंस्थेतील ठेवीला ते नसते, मग तिची इमारत कितीही टोलेजंग असो.

पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत पैसे ठेवण्याचा याच चर्चेतला सल्ला मात्र योग्य आहे. फक्त तिच्यातून गरजेपुरती थोडी रक्कम काढता येत नाही, पूर्ण खातेच बंद करावे लागते, हा मुद्दा येथे कोणी मांडलेला नाही. कालव्यात गेलेल्या आमच्या शेताचे पैसे आले, तेव्हा त्यांपैकी १२ लाख रुपये आम्ही नवरा-बायकोने प्रत्येकी ३ लाखांच्या चार खात्यांत ठेवले. पोस्टातील बाबूंना हा नसता उपद्व्याप वाटला आणि चार-चार अर्ज भरताना मीही वैतागलो होतो. आठच महिन्यांत सौभाग्यवतींच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी नागपूर गाठावे लागले, तेव्हा एकच खाते मोडले. वर्ष पूर्ण झालेले नसल्याने त्या खात्यावर तोवर मिळालेले व्याज मुद्दलातून वळते झाले. उरलेल्या तिन्ही खात्यांवर मात्र ८.२ टक्क्यांप्रमाणे दर तिमाहीस प्रत्येकी ६,१५० रुपये येतच राहिले. हे व्याज खात्यात पडून राहिल्यास त्यावर पुन्हा व्याज मिळत नाही, म्हणून आम्ही ते पोस्टाच्या आवर्ती ठेवीकडे वळवतो.