न खपलेले म्हणजे टाकाऊ नव्हेत

१९७०च्या आसपासच्या ब्रिटिश फोक (लोकसंगीताच्या वळणाच्या) अल्बमांबद्दल इथल्या चर्चेत एकांनी म्हटलंय, 'हे अल्बम तेव्हा खपले नाहीत, म्हणजे त्यांत दम नसणारच.' नाही पटलं बुवा.

गायिका व्हॅश्टी बन्यनचा 'जस्ट अनदर डायमंड डे' (१९७०) घ्या. बाई घोडागाडी जोडून लंडनहून स्कॉटलंडच्या बेटांकडे निघाली, वाटेत गाणी रचत गेली. निर्माता जो बॉइड, व्हायोलिन-चेलोची रचना रॉबर्ट कर्बीची, म्हणजे त्याच काळातला गायक निक ड्रेक, त्याच्या अल्बमवालाच. आवाज इतका हळू, की शेजारी कुकरची शिट्टी झाली तरी ओळ हातची जाते. कुणी विचारलं नाही, आणि बाईंनी गाणंच सोडलं. २००० साली सीडी निघाल्यावर नव्या पिढीने डोक्यावर घेतलं. दुसरा अल्बम आला थेट २००५मध्ये!

अगदी उलट टोकाला 'कॉमस' या बँडचा 'फर्स्ट अटरन्स' (१९७१). मुखपृष्ठावरचं पिळवटलेलं शरीर गायक रॉजर वूटनने बॉलपेनने काढलंय, आणि गाणंही तसंच, अंगावर येणारं. रात्री एकट्याने ऐकू नका. (मी ऐकला. नंतर दिवा चालूच ठेवला.)

आणि 'ट्रीज' या बँडच्या 'ऑन द शोअर' अल्बममधला तुकडा तर नार्ल्स बार्कली या अमेरिकन जोडीने २००६मध्ये आपल्या गाण्यात उचलला. दम नसता तर कशाला हात लावला असता?