रविवारी टेकडीवर जाळरेषा: सोसायटी ग्रुपवरची चर्चा

बी-१०१ (सचिव): सर्वांना नमस्कार. २६ जानेवारीला झेंडावंदन झाल्यावर मागच्या टेकडीवर वृक्षारोपण करावं असा कमिटीचा विचार आहे. ५०० रोपं मिळतायत. आधी जेसीबी लावून गवत काढू, खड्डे घेऊ. टेकडी उजाड पडलीय, बघवत नाही. सूचना कळवा.

ए-३०२: छान. मुलांनाही आणू.

सी-२०४: रोपं कोणती?

बी-१०१ (सचिव): गिरिपुष्प आणि थोडे गुलमोहर. लवकर वाढतात.

डी-४०३: सचिव साहेब, जेसीबीवाल्याला अजून हो म्हणू नका, ही विनंती. सविस्तर लिहिते, सगळ्यांनी वाचा.

ती टेकडी उजाड नाही, तो माळ आहे. मराठवाड्यात वर्षाला सरासरी ६८० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, टेकडीवर दोन बोटं माती आणि खाली सगळा काळा पाषाण. अशा जागी गवतच टिकतं. कुसळी, पवन्या, मारवेल, आणि मधूनमधून बोर, हिवर, खैर, पळस. चंपाषष्ठीपर्यंत हे गवत हिरवट असतं. आत्ता वाळून पिवळं पडलंय म्हणून मेल्यासारखं दिसतं, पण मुळं जिवंत आहेत आणि ती दोन बोटं माती त्यांनीच धरून ठेवलीय. वरून जेसीबी फिरला की पहिल्या मोठ्या पावसात ती माती आपल्या पार्किंगमध्ये येईल आणि उताराचं पाणी जमिनीत मुरायचं सोडून वाहून जाईल.

दुसरं, जानेवारीत लावलेल्या रोपाला जूनपर्यंत पाऊस नाही. ५०० रोपांना पाच-पाच लिटर धरलं तरी एका खेपेला अडीच हजार लिटर पाणी लागतं, आणि अशा खेपा उन्हाळाभर. जायकवाडीसारखं धरण उशाला असून कोरड घशाला, अशी आपली गत. एप्रिलमध्ये आपणच टँकरची वाट बघतो. रोपांना कुठून आणणार?

सी-२०४: पण ताई, झाडं नकोत असं कसं? हिरवळ वाढली तर पाऊस वाढतो म्हणतात.

डी-४०३: सर, झाडं हवीतच, पण त्यांच्या जागी. आपल्या टेकडीवर माळटिटवी आहे. मार्च ते मे या दिवसांत ती उघड्या जमिनीवर अंडी घालते, बहुतेक वेळा चार. ना घरटं, ना आडोसा. रंग इतका मातीसारखा की पायाखाली येईपर्यंत दिसत नाहीत. चंडोलही जमिनीवरच, गवताच्या बुडाशी घरटं करतो. टिटवीनं उंचावर अंडी घातली की पाऊस चांगला, असं आपले आजोबा म्हणायचे. म्हणजे पेरणीच्या आधी शेतकरी ज्या पाखराकडं बघत आला, त्याचीच जागा आपण खणणार.

सोलापूरजवळ नान्नजला माळढोक या माळावरच्या मोठ्या पक्ष्यासाठी १९७९ साली अभयारण्य जाहीर झालं. माळढोक एका खेपेला बहुधा एकच अंडं घालतो, तेही जमिनीवर, आणि त्याला चहूबाजूला लांबवर मोकळं दिसावं लागतं. माळ नांगराखाली गेले, विजेच्या तारा आल्या, आणि कितीतरी माळांवर पडीक जमीन म्हणून गिरिपुष्पासारख्या झाडांची दाट लागवड झाली. लावणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता. तरी आज राज्यात माळढोक दिसणं दुर्मीळ झालंय. गिरिपुष्प मूळचं मध्य अमेरिकेतलं. बांधावर लावून त्याचा पाला शेताला खत म्हणून वापरा, उत्तम आहे. माळावर दाट लावलं की सावलीखाली गवत उरत नाही.

ए-५०१ (आजोबा): बरोबर लिहिलंस बाळ. आमच्या गावाकडं गायरानावर हेच झालं. गवत गेलं आणि गुरं दावणीला आली.

बी-१०१ (सचिव): ठीक आहे. मग टेकडीसाठी काहीच करायचं नाही का? लोक उत्साहानं विचारतायत.

डी-४०३: काम भरपूर आहे सर, आणि ते याच रविवारपासून आहे. पहिलं काम जाळरेषेचं. वनखात्याचा वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून धरतात. त्याच्या आत रस्त्याच्या कडेनं आणि पायवाटेच्या दोन्ही बाजूंनी गवत कापून पट्टा मोकळा करायचा, म्हणजे खालची ठिणगी वर जाणार नाही. वनरक्षकांशी बोलणं झालंय. कुठून कुठपर्यंत आणि किती रुंद, ते स्वतः येऊन आखून देणार आहेत. आपण फक्त कापायचं आणि गोळा करायचं. काडी कुणीही लावायची नाही. पट्टा जाळायचा की नाही हे त्यांचं खातं ठरवेल.

वॉचमन मामा: ताई रात्री पोरं वर बसून बिड्या वडायलेत. मागच्या साली आग तितूनच लागली व्हती. मी हाकलतो पण ऐकत नाईत

डी-४०३: मामा, तुम्ही एकट्यानं जाऊ नका. संध्याकाळी दोघं-तिघं सोबत येऊ. ती मुलं आपल्याच भागातली आहेत, समजावून सांगितलं तर ऐकतील.

सी-३०३: शेळ्यावाल्यांनाही बंद करा मग. सगळं खाऊन टाकतात.

डी-४०३: याला माझा विरोध आहे. धूर सगळ्यात आधी त्यांनाच दिसतो. मागच्या आगीत ओला पाला घेऊन झोडपायला तेच धावले, आपण गच्चीवरून व्हिडिओ काढत होतो. कापलेलं गवत त्यांना न्यायला मिळेल का, हे मी वनरक्षकांना विचारलंय. त्यांच्या जनावरांना वैरण होईल आणि वाळलेला ढीगही वर पडून राहणार नाही.

ए-३०१ (काकू): मला चढवत नाही गं. गुडघे. मी काय करू?

डी-४०३: काकू, तुमच्यासाठी दोन कामं आहेत. तुमच्या गच्चीवरून अख्खी टेकडी दिसते. फेब्रुवारीपासून दुपारी आणि तिन्हीसांजेला एक नजर टाकायची. धूर दिसला की वनखात्याच्या १९२६ या हेल्पलाइनला फोन, मग ग्रुपवर मेसेज. आग विझवायला आपलं कुणीही उतारावर धावायचं नाही, वाऱ्यानं ज्वाळा वर चढत जातात.

दुसरं काम रोपांचं. बहाव्याच्या शेंगा आत्ता पिकतायत, बी गोळा करून ठेवा. कवच टणक असतं, पेरण्याआधी उकळतं पाणी ओतून रात्रभर भिजवावं लागतं. पळसाचं बी मात्र मे-जूनला, शेंग पडली की ताजंच लावायचं.

ए-३०१ (काकू): हे जमेल. दुधाच्या पिशव्या साठवते.

सी-२०४: म्हणजे झाडं लावणार तर!

डी-४०३: लावणार सर. पण वरच्या माळावर नाही. खाली नाल्याच्या कडेला माती खोल आहे, तिथं. करंज, उंबर, भोकर, बहावा, कडुनिंब. जूनमध्ये दोन चांगले पाऊस झाल्यावर, वनरक्षक सांगतील तेवढीच. मला वाटतं पन्नास पुरेत. एकेक रोप एकेका घराला वाटून देऊ, पुढचे दोन उन्हाळे पाणी त्याच घरानं घालायचं.

टेकडीवर माजलेलं घाणेरीचं रानझुडूपही पावसाळ्यातच काढू, माती ओली असताना. नुसती वरून तोडली तर पुन्हा दुप्पट फुटते. कुदळीनं मुळाचा गड्डा जमिनीखाली तोडायचा आणि झुडूप मुळं वर करून ठेवायचं. फळं धरायच्या आत हे व्हायला हवं, नाहीतर बुलबुल बी सगळीकडं पसरवतात. मोकळ्या झालेल्या जागेत आपल्याच टेकडीवरच्या मारवेलाचं बी टाकू.

ए-३०२: मुलांना आणलं तर चालेल ना? साप वगैरे?

डी-४०३: आणा, दहा वर्षांच्या वरची. बूट आणि फुलपँट हवीच, गवतात घोणस असू शकते. विळा मोठ्यांच्याच हातात. मुलांनी कापलेलं गवत ओढायचं आणि बाटल्या गोळा करायच्या. काचेचे तुकडे मोठ्यांनी उचलायचे.

बी-१०१ (सचिव): कमिटीत बोललो. जेसीबी रद्द. रोपं देणाऱ्यांना जूनचं आणि आपल्याला हव्या त्या झाडांचं कळवतो. खड्ड्यांसाठी ठेवलेले पैसे हातमोजे, विळे आणि दाताळ्यांना वापरायला खजिनदारांची हरकत नाही.

डी-४०३: मनापासून आभार सर 🙏 रविवारी सकाळी साडेसहाला मागच्या गेटपाशी. नऊच्या आत खाली येऊ. पाण्याची बाटली आपापली.

ए-५०१ (आजोबा): माझ्याकडं गावाकडचे दोन विळे आहेत. धार लावून मामांकडं ठेवतो.