गोव्यात ग्रॅव्हल सायकलसाठी मार्ग सुचवा (पणजीजवळ, बाबांसोबत, टायरचं बजेट ३०००)

अबोली_पणजी:
नमस्कार मंडळी. डिसेंबरात एखाद्या रविवारी बाबांना घेऊन मातीच्या वाटेवर सायकल चालवायची आहे. माझी ग्रॅव्हल, म्हणजे खडी-मातीवर चालणारी सायकल, टायर ३५ मिमी. बाबा ६४ वर्षांचे, त्यांची गिअरवाली हायब्रीड. चढ झेपत नाही, सपाटीवर दोन तास आरामात. वाटेत काहीतरी जुनं बघायला हवं आणि जेवायला घरी. टायर बदलायचे झाले तर दोन्ही सायकलींचे मिळून ३००० रुपयांत बसले पाहिजेत. बाबांचं आजोळ नार्व्याचं, त्या बाजूचं काही सुचवलंत तर दुधात साखर.

घाटवेडा:
तांबडी सुर्ला. दुसरा विचारच करू नका. कदंबांच्या काळातलं काळ्या पाषाणाचं महादेवाचं देऊळ, मागे सह्याद्री, बाजूने नदी. आणि आधी टायर बदला. मी ४५ मिमी ट्यूबलेस घातले, आता खडीवरून लोण्यासारखी जाते. जोडी सात-आठ हजारांना पडली, पण एकेक पैसा वसूल.

अबोली_पणजी:
दादा, पणजीहून तांबडी सुर्ला साठ किलोमीटरच्या पुढे आहे. आणि बजेट ३००० आहे, दोन सायकलींचं.

केपेकर:
पणजीच्या आसपास काय ठेवलंय? आमच्या केप्याला या. कुशावतीच्या काठावर पणसायमळला जांभ्यावर कोरलेली चित्रं आहेत. बैल, हरणं आणि एक भलामोठा चक्रव्यूह. पायातल्या चपला काढून त्या दगडावर उभं राहिलं की ऊन तळव्यांना लागतं आणि रेषा बोटांना. सायकल गाडीवर टाकून आणा, रिवणपासून पुढे चालवा.

जांभा_खडक:
डिचोलीकडचे खाणीचे रस्ते. रुंद, तांबडे, खडीचे. २०१२ ला खाणी बंद पडल्या तेव्हापासून आम्ही तिथेच चालवतो. खरं ग्रॅव्हल तेच.

पाटो_पहाटे:
@जांभा_खडक, तो काळ गेला. डिचोलीत खाण पुन्हा सुरू झालीय, ट्रक आलेत. शिवाय ती जागा खासगी, गेटवरून परत पाठवतात. मागच्या वर्षी मी हट्टाने आत गेलो, एका वळणावर ट्रक आला, बाजूच्या सुट्या खडीत पुढचं चाक रुतलं आणि पडलो. डिरेलरचा हँगर, म्हणजे मागचा गिअर बदलणारा भाग फ्रेमला जोडणारा छोटा तुकडा, वाकला. चार किलोमीटर सायकल ढकलत आणली. सुटा हँगर बॅगेत ठेवाच, शंभर ग्रॅमसुद्धा भरत नाही.

जांभा_खडक:
तुम्ही कुठल्या गेटने गेलात त्यावर आहे. आम्हाला कधी कुणी अडवलं नाही.

खाजनातला:
माझं घर दिवाडी बेटावर, म्हणून जरा सविस्तर लिहितो. अबोलीताई, नार्वे म्हणालात तिथेच उत्तर आलं. जुने गोव्याच्या धक्क्यावरून फेरीबोटीने दिवाडीला उतरा. पिएदादच्या टेकडीवरची इगर्ज (चर्च) खालूनच बघा, बाबांना चढ नको. बेट ओलांडून पलीकडच्या धक्क्याकडे जाताना कोटितीर्थाची तळी लागते. कदंब राजांच्या सप्तकोटेश्वराचं मूळ स्थान ते. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात देऊळ पाडलं, मग लिंग नदीपार डिचोलीच्या बाजूला नेलं. बेटावरच्या मूळ जागेसारखंच त्या जागेलाही नार्वेच म्हणतात. १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी तिथे देऊळ बांधवून घेतलं, दारावर शिलालेख आहे. देव ज्या नदीपार गेला तीच नदी तुम्ही फेरीने ओलांडणार. परतायला मये, चोडण, मग फेरीने रायबंदर. पणजी ते पणजी चाळीसच्या आसपास होईल.

मुख्य रस्ता डांबरीच आहे. माती हवी तर खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या शेतजमिनीच्या, बांधावर. पण बांध म्हणजे सायकलचा ट्रॅक नव्हे. चिखल, पेंढा, चिरे घालून शेतकऱ्यांनी तो उभा केलेला असतो. मधे मधे मानस असते, लाकडी झडपांचं दार. भरती चढली की पाण्याच्या दाबानेच झडपा मिटतात, ओहोटीला उघडतात आणि शेतातलं पाणी बाहेर पडतं. सगळी भातशेती त्या दोन फळ्यांवर उभी. मानशीवर उतरायचं आणि सायकल हातात धरून चालायचं.

सुसाट_४२:
बांध सार्वजनिक वाट आहे. मी दर रविवारी चालवतो, कुणाचं काही बिघडलेलं नाही.

खाजनातला:
@सुसाट_४२, बाब, ओल्या बांधावर चाकाची चाकोरी पडली की तिथे पाणी साचतं. मऊ जागेत खेकडे बीळ करतात आणि अमावास्येच्या मोठ्या भरतीला तिथूनच पाणी आत येतं. आमच्या शेतात असंच शिरलं होतं. कोरगुट, आमचा खाजनातला भात, खारं पाणी थोडंफार सोसतो, पण कणसाला आलेलं भात बुडालं तर ते गेलंच. डिसेंबरात बांध कोरडा असतो, तेव्हा खुशाल चालवा. पावसात मात्र नको.

मांडवी_काठ:
चोडणचा मार्ग मीही सांगणार होतो. डॉ. सलीम अली अभयारण्याच्या बाजूने कांदळांतून जाताना हिवाळ्यात पाहुणे पक्षी भरपूर दिसतात. आत सायकल नेता येत नाही. दुर्बीण घ्या. कुंभारजुव्याच्या कालव्यात मगरी आहेत, पाण्याकाठी सायकल टेकवून फोटोसाठी खाली उतरू नका.

डोंगरवाट:
वरचं सगळं वाचलं नाही, पण माझं मत तांबडी सुर्ला. एकदा जाऊन या, दुसरं काही आवडणार नाही.

पंक्चरवाला_फोंडा:
माझं दुकान आहे, तरी सांगतो: टायर घेऊ नका. ३५ मिमी कोरड्या मातीला पुरेसा आहे. डांबरावरची हवा ठेवून मातीत गेलात तर दात खडखडणार. ट्यूब असेल आणि वजन सत्तरच्या आत असेल तर हवेचा दाब ४५ पीएसआयपर्यंत उतरवा, त्याखाली नको, दगडावर रिम आदळून ट्यूब कापते. बाबांच्या मागच्या चाकात थोडी जास्त. खाजनाकडेला मारांडीचं काटेरी झुडूप असतं, त्याच्या पानाचा काटा बारीक पण चिवट. सुट्या ट्यूब दोन घ्या. घरी आल्यावर साखळी गोड्या पाण्याने धुऊन, सुकवून तेल द्या. खारं पाणी एका रात्रीत गंज चढवतं.

घाटवेडा:
३५ वर खडीत जाणं म्हणजे जिवाशी खेळ. मी ४५ च सांगेन.

अबोली_पणजी:
सगळ्यांचे आभार. पंक्चरवाल्या दादांचे विशेष, टायर घेत नाही. काल रात्री बाबांना हा धागा वाचून दाखवला. सप्तकोटेश्वराशी आले आणि त्यांनी चष्मा काढला. लहानपणी आजी त्यांना नार्व्याच्या धक्क्यावर बसवून पलीकडे बोट दाखवायची, "देव पयलीं थंय आसलो." पलीकडे ते कधी गेलेच नाहीत, फक्त बघितलं.

म्हणून चाळीसचा फेरा करत नाही, जुने गोव्याहूनही नाही. सायकली गाडीवर टाकून थेट नार्व्याला. आधी देवळात, मग तिथून फेरीने दिवाडीला, कोटितीर्थाच्या तळीपर्यंत आणि त्याच वाटेने परत. फार तर दहा-बारा किलोमीटर. तुमच्यापैकी कुणीच एवढं थोडं सांगितलं नव्हतं, पण बाबांना तेवढंच हवंय. टायरच्या पैशांतून त्यांना गादीची सीट घेतली, दोन ट्यूब आणि हँगर.

@खाजनातला, दादा, तळीजवळचा बांध या रविवारपर्यंत कोरडा असेल का?

खाजनातला:
परवाच बघितला, वरचा थर सुकलाय. मानशीकडे अजून ओल आहे, तिथे उतरा. सकाळी दहाच्या आत या, ओहोटी असेल तर झडपा उघडलेल्या बाबांना दाखवतो.