गाडी रोज २०-२५ मिनिटांनी बंद पडते, मदत हवी आहे

घाईतला स्वार:
नमस्कार. गेल्या दोन आठवड्यांपासून माझी मोटारसायकल कामावर जाताना हमखास बंद पडत आहे. पहिली २०-२५ मिनिटे ती उत्तम चालते, मग ओढ कमी होते, दोन-चार आचके बसतात आणि भर रहदारीत इंजिन थांबते. पंधरा मिनिटे बाजूला उभी केली की जणू काही झालेच नाही अशा थाटात ती पहिल्या किकला सुरू होते. प्लग नवा टाकला, एअर फिल्टर साफ केला, तरी फरक नाही. कृपया ‘मेकॅनिकला दाखवा’ एवढे सोडून काहीही सांगावे.

तापलेली कॉइल:
पिकअप कॉइल, म्हणजे ठिणगी कधी पडावी याचा इशारा देणारी कॉइल, गेली आहे. तापल्यावर आतली तार सुटते आणि थंड झाल्यावर पुन्हा जुळते. माझ्या गाडीला अगदी हेच झाले होते. कॉइल बदला आणि मोकळे व्हा.

दहा नंबरचा पाना:
इतक्या घाईने निदान करू नये. कॉइल दगा देते तेव्हा गाडी बहुधा एकदम गप्प होते. आधी ओढ कमी होणे आणि मग आचके बसणे, हे पेट्रोल अपुरे पोहोचत असल्याचे लक्षण अधिक वाटते. गाडी कार्ब्युरेटरची आहे की इंजेक्शनची (म्हणजे पेट्रोल हवेच्या ओढीने मिसळते की पंपाने फवारले जाते), टाकी भरलेली असताना काही फरक पडतो का आणि अलीकडे कोणता भाग बदलला, हे आपण लिहिलेलेच नाही.

मंदगती:
इंजिन ऑइल कोणते वापरता? मी सिंथेटिक वापरायला लागल्यापासून गिअर लोण्यासारखे पडतात.

घाईतला स्वार:
गिअरची तक्रार नाही. किक म्हटले म्हणजे कार्ब्युरेटर हे उघड आहे. टाकी सोमवारी पूर्ण भरतो आणि आता आठवले, त्या दिवशी गाडी उलट लवकरच बंद पडते. प्लग सोडून दुसरा भाग बदललेला नाही.

दहा नंबरचा पाना:
किक इंजेक्शनच्या काही गाड्यांनाही असते, म्हणून विचारले. सोमवारची गोष्ट मात्र महत्त्वाची आहे. टाकीतले पेट्रोल जसे कमी होते तशी बाहेरची हवा झाकणातल्या बारीक छिद्रातून आत यावी लागते. ते छिद्र बुजले तर आतला दाब उतरतो आणि पेट्रोल खाली येईनासे होते. भरलेल्या टाकीत हवेला जागाच थोडी असल्यामुळे दाब लवकर उतरतो. पंधरा मिनिटांत थोडी हवा कुठून तरी झिरपते आणि आपल्याला वाटते की इंजिन थंड झाल्यामुळे गाडी सुरू झाली. पुढच्या वेळी बंद पडताच झाकण उघडा. हवा ओढल्याचा ‘सूं’ असा आवाज आला आणि झाकण परत लावून थोड्या वेळाने किक मारल्यावर गाडी सुरू झाली, तर दोष तिथेच आहे.

तापलेली कॉइल:
आणि आवाज आला नाही तर? प्लग काढून इंजिनच्या हेडला (वरच्या धातूच्या भागाला) टेकवून ठिणगी पाहावीच लागेल.

दहा नंबरचा पाना:
जरूर पाहावी, पण आधी टाकीचे झाकण घट्ट लावून आणि गळती नाही याची खात्री करून. उघड्या पेट्रोलजवळ ठिणगीचे प्रयोग करू नयेत.

घाईतला स्वार:
आज सकाळी आवाज आला, तोही चांगला मोठा, आणि दोन मिनिटांत दुसऱ्या किकला गाडी सुरू झाली. झाकण पाहताना लक्षात आले की त्याचे रबर मी महिनाभरापूर्वी बदलले होते. त्याला ‘भाग’ म्हणावे असे मला वाटले नव्हते. नवे रबर छिद्रावरच बसले आहे. ते काढून नीट बसवले आणि संध्याकाळी न थांबता परतलो. उद्या टाकी भरून पाहतो.

मंदगती:
ऑइलचे मात्र सांगितले नाहीत.