हुबेहूब की तंतोतंत? अर्जात काय लिवाचं, लवकर सांगा

राळेगावकर: अर्ज उद्या द्यायचा आहे. ‘दोन्ही नावे हुबेहूब आहेत’ लिहिलं, तर टेबलावरून परत आला, म्हणे शब्द चुकला. तंतोतंत लिहू का? फाटे फोडू नका, फक्त शब्द सांगा.

वाशीमचे_गुरुजी: कशाचा अर्ज? नावं कोणती? हुबेहूब हे रूपासाठी, नकलेसाठी: हुबेहूब चित्र, हुबेहूब आवाज. तंतोतंत म्हणजे मजकूर, माप, हिशेब कुठंच फरक न पडता जुळणं. नियम तंतोतंत पाळतात, हुबेहूब पाळत नाहीत. आणि पहिला हु ऱ्हस्व, शेवटचा हू दीर्घ.

तुरीची_घुगरी: कायले एवढं राजेहो? सेम टू सेम लिवा, समजते सगळ्याइले.

वाशीमचे_गुरुजी: पारावर चालते, अर्जात नाही. त्यापेक्षा ‘जसेच्या तसे’ बरं, पण लिंग सांभाळा: उतारा जसाच्या तसा, नक्कल जशीच्या तशी.

मोर्शीची_संत्री: सातबारा महाभूमीवरून 15 रुपयांत डिजिटल सहीचा निघतो भाऊ.

राळेगावकर: सातबारा आहे ना माझ्याकडे! त्यावर आईचं नाव सुशिला नामदेवराव, आधारवर सुशीला नामदेव. सातबाऱ्यावरचं दुरुस्त करायचं आहे.

बांधावरचा: हे आधी सांगायचं ना बावा. यात दोन्ही शब्द चुकीचे. नावं दोन, माणूस एकच. ‘वरील दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत’ असं लिहा. नावं तंतोतंत जुळतात म्हणाल, तर दुरुस्ती मागता कशाची? दोन्ही नावं अवतरणात टाका आणि छापून आल्यावर शि-शी तपासा. टाइप करणारा आपल्या मनानं ‘शुद्ध’ करतो न् दोन्हीकडं सुशीला होऊन बसते.

तुरीची_घुगरी: राजपत्रात छापून टाका, कटकट मिटते.

बांधावरचा: राजपत्र नाव बदलणाऱ्यानं करावं. इथं लेखनदोष आहे, जमीन महसूल संहिता 1966, कलम 155. अर्ज तहसीलदारांच्या नावे. आधार, सातबारा आणि ज्या फेरफारानं (जमिनीच्या नोंदीतल्या बदलाचा कागद) नाव चढलं त्याची नक्कल जोडा. फेरफारात बरोबर असून सातबाऱ्यावर चुकलं असेल तर काम सोपं.

मोर्शीची_संत्री: राव लावला तर दोष कसला? मान आहे तो.

वाशीमचे_गुरुजी: मान माणसाले, मशीनले नाही. तिला राव म्हणजे दोन जास्तीची अक्षरं.

राळेगावकर: फेरफार काढला. त्यात सुशिलाबाई आहे. आता?

बांधावरचा: मग ‘दोन्ही’ खोडा, ‘तिन्ही’ लिहा. ‘एकाच व्यक्तीची’ हे तसंच राहू द्या.